पाच चाळीसला आलेली बाई

भाचीने मतदार नोंदणीचा फॉर्म ६ भरायला सरळ नकार दिला. वय एकोणीस, संख्याशास्त्र शिकते, होस्टेलवर राहते. फोनवर बोलताना मी सहज विचारलं, "मतदार यादीत नाव घातलंस का गं?" तर म्हणाली, "मामा, तू गणित शिकवतोस आणि हे मला विचारतोस? लोकसभेच्या एका मतदारसंघात सरासरी सतरा-अठरा लाख मतदार. माझ्या एका मतावर निकाल फिरण्याची शक्यता तूच काढ. आणि मग सांग, मी रांगेत कशासाठी उभं राहायचं?"

त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही. "तसं नसतं गं," एवढंच म्हणालो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. सव्वीस वर्षं शाळेत गणित शिकवतोय आणि तेवढीच वर्षं निवडणुकीच्या ड्युट्या करतोय. पहिली ड्युटी १९९९ सालची. लोकसभा आणि विधानसभा एकत्र होत्या, पांढरी मतपत्रिका लोकसभेची आणि गुलाबी विधानसभेची. तेव्हापासून मतपेटीला लाख लावून सील करण्यापासून ते व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद काचेआड दिसते हे मतदाराला समजावण्यापर्यंत सगळं केलंय. एवढं करूनही एकोणीस वर्षांच्या मुलीला मत का द्यायचं हे सांगता येऊ नये, याचा मला त्रास झाला. म्हणून हे लिहितोय. तिच्यासाठीच आहे, पण तिच्यासारखे बरेच जण असणार.

आधी तिच्या बाजूने बोलतो, कारण तिचं गणित चुकलेलं नाही. २०२४ च्या लोकसभेला देशात जवळपास ९७ कोटी मतदार नोंदलेले होते आणि जागा ५४३. भागाकार कुणीही करावा. अँथनी डाउन्स नावाच्या अमेरिकी अभ्यासकाने १९५७ मध्येच हे मांडून ठेवलंय, की माणूस निव्वळ स्वतःच्या फायद्या-तोट्याचा हिशेब करणारा असेल तर त्याने मतदानाला जाऊच नये, कारण जाण्याचे कष्ट नक्की आहेत आणि त्याच्या मताने निकाल बदलण्याची शक्यता नगण्य. पुढे संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू गेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीसाठी ही शक्यता मोजली. सरासरी काढली तर साधारण सहा कोटींत एक.

आपण शिक्षक लोक अशा वेळी काय करतो? एका मताने हरलेल्यांच्या गोष्टी सांगतो. मीही सांगत आलोय. २००४ मध्ये कर्नाटकातल्या संथेमरहळ्ळी मतदारसंघात ए. आर. कृष्णमूर्ती ४०,७५१ मतं घेऊन हरले, कारण आर. ध्रुवनारायण यांना ४०,७५२ मिळाली. २००८ मध्ये राजस्थानात नाथद्वाऱ्याला सी. पी. जोशी ६२,२१५ वर थांबले आणि कल्याणसिंह चौहान ६२,२१६ वर. आपल्याकडे २०२४ च्या लोकसभेला मुंबई वायव्यमध्ये दोन्ही उमेदवारांना साडेचार लाखांच्या वर मतं होती आणि फरक ४८ चा. त्याच वर्षी विधानसभेला मालेगाव मध्यमध्ये १६२ आणि साकोलीत २०८. वर्गात ही उदाहरणं चांगली रंगतात. पण भाचीला सांगायला गेलो असतो तर तिने लगेच विचारलं असतं, "आणि ज्या हजारो मतदारसंघांत फरक पन्नास हजारांचा असतो तिथलं काय?" बरोबरच आहे. लॉटरी लागलेल्या माणसाचा फोटो दाखवून तिकीट घ्यायला सांगण्यासारखं आहे हे. या उदाहरणांवर सगळी भिस्त ठेवणं मला पटेनासं झालंय.

एक अपवाद मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. तो मी डोळ्यांनी पाहिलाय, आणि अजून मनातून गेलेला नाही.

ग्रामपंचायतीची निवडणूक होती. मी केंद्राध्यक्ष. एका प्रभागाचं एक केंद्र, मतदार चारशेच्या आसपास. सकाळी साडेसात ते संध्याकाळी साडेपाच अशी वेळ. साडेपाचला केंद्राध्यक्ष बाहेर येतो, रांगेत जेवढे उभे आहेत तेवढ्यांना चिठ्ठ्या देतो. पहिली चिठ्ठी रांगेच्या शेवटच्या माणसाला द्यायची आणि पुढे पुढे यायचं, म्हणजे मागून कुणी घुसत नाही. त्या दिवशी रांगेत अकरा जण होते. मी चिठ्ठ्या दिल्या, पोलिसाला फाटक लावायला सांगितलं आणि आत आलो.

पाच चाळीसला फाटकावर एक बाई आली. साठीच्या पुढची असेल. चालून आली होती, पदराने घाम पुसत होती, आणि दुसऱ्या हातात मतदार ओळखपत्र, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेलं. म्हणाली, "साहेब, रानातून आले. माझं एकटीचंच राहिलंय." आत अजून सात-आठ जणांचं मतदान व्हायचं होतं, मशीन सुरू होतं. तिला घेणं हाताच्या अंतरावर होतं. मी घेतलं नाही. घेऊ शकत नव्हतो. दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी आत बसलेले, आणि नियम म्हणजे नियम. मी म्हणालो, "मावशी, वेळ संपली हो." ती भांडली नाही. "बरं," म्हणाली आणि ओळखपत्राची पिशवी घडी करून कमरेला खोचली. ती जाताना मी बघत राहिलो, हे मला पक्कं आठवतं.

मोजणी दुसऱ्या दिवशी तालुक्याला. माझी नेमणूक दुसऱ्या टेबलावर होती, पण आपल्या केंद्राचं मशीन उघडताना माणूस मान वळवतोच. त्या प्रभागातल्या एका जागेवर दोन्ही उमेदवार सारख्या मतांवर आले. पुन्हा आकडे वाचले, तेच. मग कायद्यात लिहिल्याप्रमाणे चिठ्ठी. निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांनी एका कोऱ्या कागदाचे दोन सारखे तुकडे सगळ्यांसमोर फाडले, नावं लिहिली, दोन्हींच्या चार-चार घड्या घातल्या आणि स्टीलच्या डब्यात टाकल्या. बाहेर कुणाबरोबर तरी आलेली पाच-सहा वर्षांची मुलगी होती, तिला आत बोलावलं. तिला काही कळत नव्हतं. सगळी माणसं आपल्याकडे का बघतायत म्हणून ती आधी डब्याकडे बघेना, आईकडे बघत राहिली. मग हात घातला, एक चिठ्ठी काढली. अधिकाऱ्यांनी उलगडून वाचली. एका बाजूने आरोळी उठली. दुसरा उमेदवार तिथल्या तिथे खुर्चीत बसला आणि बराच वेळ उठला नाही.

मला त्या क्षणी फक्त ती बाई दिसत होती. तिचं मत कुणाला गेलं असतं मला माहीत नाही. ते मला कधीच कळू नये, कायदाही तेच सांगतो. पण ती दहा मिनिटं आधी आली असती, तर पाच वर्षं गावाचा एक सदस्य कोण हे त्या मुलीच्या हाताने ठरलं नसतं एवढी शक्यता तर होती. हे फक्त खेड्यात होतं असंही नाही. २०१७ मध्ये मुंबई महापालिकेच्या २२० नंबरच्या प्रभागात दोन उमेदवारांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठीने ठरला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात विधिमंडळाच्या एका जागेवर दोघांना ११,६०८-११,६०८ मतं मिळाली. वाडग्यातून नाव काढलं, आणि त्या एका नावामुळे सभागृहात कुणाचं बहुमत हे ठरलं, ५१ विरुद्ध ४९.

मतदारसंघ जेवढा लहान तेवढं मत जड, हे साधं गणित आहे. आणि गंमत बघा, लोक नेमके उलटे वागतात. लोकसभेला तावातावाने बोलतात, आणि जिथे आपलं मत खरंच निकालाला हात घालू शकतं त्या प्रभागाच्या निवडणुकीत "त्यात काय" म्हणून घरी बसतात. शहरात तर हे फारच.

पण मी म्हटलं ना, निकाल फिरणं हा एकच फरक धरला तर भाची जिंकते. मला तिला दाखवायचाय तो दुसरा फरक. तो मला एका जुन्या विद्यार्थ्याने दाखवला.

हा मुलगा माझ्याच वर्गात होता, हुशार. आता तो निवडणुकीचं "डेटाचं काम" करतो. कुठल्या पक्षाचं ते महत्त्वाचं नाही, सगळ्यांकडे असे लोक आहेत. एकदा भेटायला आला तेव्हा त्याने लॅपटॉप उघडून एक एक्सेल शीट दाखवलं. मतदारसंघातलं प्रत्येक मतदान केंद्र एका ओळीत. किती मतदार, किती मतदान, कुणाला किती. ही माहिती चोरलेली नसते. निकालानंतर फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय आकडे प्रसिद्धच होतात. त्या ओळींना त्याने रंग दिले होते. हिरवा म्हणजे आपला. लाल म्हणजे समोरच्याचा. पिवळा म्हणजे इथे मेहनत घेतली तर वळेल. आणि मधे मधे राखाडी ओळी.

"राखाडी म्हणजे काय रे?"

"सर, तिथे लोक मतदानाला येतच नाहीत. तिथे माणसं आणि गाडी घालवून उपयोग नाही."

मी त्याला माझ्या वसाहतीचं मतदान केंद्र असलेली शाळा शोधायला सांगितली. आमच्या वसाहतीत सगळे शिकलेले. शिक्षक, बँकेतले, दोन डॉक्टर, निवृत्त अधिकारी. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर देशाच्या परराष्ट्र धोरणापर्यंत सगळ्यावर चर्चा चालते. ती ओळ राखाडी होती. मतदान निम्मंही नव्हतं. आणि तिच्या दोनच ओळी खाली नाल्यापलीकडची वस्ती होती. तिथली माणसं रोजंदारी बुडवून रांगेत उभी राहतात. मतदान सत्तर टक्क्यांच्या वर. ओळ पिवळी.

मग मला बऱ्याच गोष्टी उलगडल्या. प्रचाराच्या काळात त्या वस्तीत तीन-तीनदा येणारे उमेदवार आमच्याकडे एकदाही का आले नाहीत? पावसाळ्यात आमच्या मागच्या गटाराचं पाणी तुंबतं म्हणून आम्ही सहा अर्ज दिले, सगळे टाइप केलेले, सह्यांसकट, आणि काही झालं नाही. वस्तीतल्या बायकांनी मात्र नळाच्या वेळेवरून एकदा नगरसेवकाच्या घराबाहेर ठाण मांडलं आणि आठवड्यात वेळ बदलली. आम्ही म्हणायचो, "ती व्होट बँक आहे ना." किती तिरस्काराने म्हणायचो! अरे, ते मत देतात म्हणून त्यांना मोजलं जातं. आम्ही देत नाही म्हणून आम्हाला मोजत नाहीत. यात त्यांचा काय गुन्हा?

भाचीला मला हे सांगायचंय. तुझ्या एका मताने आमदार बदलणार नाही. पण तुझ्या केंद्राची ओळ कुठल्या रंगाची हे तुझ्यासारख्या पन्नास-शंभर जणांनी ठरतं. एका केंद्रावर साधारण हजारभर मतदार असतात, त्यात पन्नास म्हणजे पाच टक्के. सतरा लाखांत तू हरवतेस, हजारात हरवत नाहीस. आणि तुझी ओळ वाचणारा माणूस बसलेला आहे, मी पाहिलाय त्याला.

याची एक वाईट बाजूही आहे, ती लपवणार नाही. केंद्रनिहाय आकडे दिसतात म्हणूनच "तुमच्या वस्तीतून मतं आली नाहीत, आता पाणी मागायला येऊ नका" असली भाषा ऐकू येते. मतपत्रिका होत्या तेव्हा मोजणीआधी अनेक केंद्रांच्या पेट्या एकत्र मिसळता यायच्या. मशीन आल्यावर ते आवरण गेलं. निवडणूक आयोगाने २००८ मध्येच टोटलायझर नावाचं यंत्र सुचवलं होतं, अनेक मशीनची बेरीज एकदम दाखवणारं. विधी आयोगानेही २०१५ च्या अहवालात त्याला पाठिंबा दिला. पण ते काही आलं नाही. यावं असं मला मनापासून वाटतं. माणसाने मत कुणाला दिलं हे जसं गुप्त, तसंच वस्तीने कुणाला दिलं हेही गुप्त असायला हवं. पण मतदान किती झालं हे दिसलं तर माझी काहीच हरकत नाही.

भाचीला आकडे आवडतात, म्हणून तिच्यासाठी एक अभ्यास शोधून ठेवलाय. मतदान यंत्रांवर इतकी वर्षं काम केल्यामुळे मला तो फार जवळचा वाटला. ब्राझीलमध्ये पूर्वी मतपत्रिकेवर उमेदवाराचं नाव किंवा क्रमांक हाताने लिहावा लागायचा. ज्यांना धड लिहिता येत नाही त्यांची मतं बाद व्हायची, आणि अशी बाद मतं प्रचंड असायची. म्हणजे माणूस रांगेत उभा राहायचा, मत द्यायचा, आणि ते कुठेच पोचायचं नाही. १९९८ च्या निवडणुकीत तिथे उमेदवाराचा फोटो दाखवणारी यंत्रं वापरली गेली, पण सगळीकडे एकदम नाही. ४०,५०० पेक्षा जास्त मतदार असलेल्या पालिकांमध्ये यंत्र, बाकी ठिकाणी कागदच. टॉमस फुजिवारा या अर्थशास्त्रज्ञाने नेमकं हेच पकडलं. रेषेच्या जरा वरची आणि जरा खालची गावं एकमेकांसारखीच, फरक फक्त यंत्राचा. यंत्र आलं तिथे बाद मतं एकदम घटली, म्हणजे गरिबांची, कमी शिकलेल्यांची मतं पहिल्यांदा मोजली गेली. आणि मग? राज्य सरकारांचा सार्वजनिक आरोग्यावरचा खर्च वाढला. कमी शिकलेल्या आया डॉक्टरकडे तपासणीला जास्त वेळा जाऊ लागल्या. कमी वजनाची बाळं कमी जन्मली.

हे वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. त्यातल्या कुठल्याही एका बाईच्या मताने कुठलंही सरकार पडलं नाही की आलं नाही. प्रत्येकीला भाचीचं गणित लावलं तर उत्तर शून्यच येतं. पण सगळ्यांची मतं मोजली गेली आणि बाळं वजनाने भरली. शून्यांची बेरीज अशी होत नाही. म्हणजे ते शून्य नव्हतं, आपली मोजपट्टी चुकीची होती.

असंच अमेरिकेत. तिथल्या राज्यांनी बायकांना मताधिकार वेगवेगळ्या वर्षी दिला. ग्रँट मिलर या अभ्यासकाने ती वर्षं आणि बालमृत्यूचे आकडे शेजारी ठेवून पाहिले. मताधिकार मिळाला की त्या त्या ठिकाणी आरोग्यावरचा सरकारी खर्च वाढला आणि बालमृत्यू आठ ते पंधरा टक्क्यांनी उतरले. पुढाऱ्यांना काही एका रात्रीत माया आली नव्हती. मोजली जाणारी माणसं बदलली होती.

आपल्याकडे तर उलट्या बाजूची गोष्ट आहे. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीला मतदार याद्या करायला लोक घरोघर गेले, तेव्हा कित्येक बायकांनी परक्या माणसाला स्वतःचं नाव सांगायलाच नकार दिला. "अमक्याची बायको", "तमक्याची आई" एवढंच लिहून घ्या म्हणाल्या. सुकुमार सेन तेव्हा मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांनी ठरवलं की स्वतःच्या नावाशिवाय नोंद नाही. जवळजवळ २८ लाख बायका यादीबाहेर राहिल्या. केवढा आकडा आहे! पुढच्या निवडणुकीपर्यंत बऱ्याच जणींनी नाव सांगितलं. माझी आजी त्या पिढीतली. तिचं नाव मी पहिल्यांदा छापलेलं कुठे वाचलं असेल तर मतदार यादीत. त्याआधी ती माझ्यासाठी नुसती आजी होती.

आता एक माझ्याबद्दल सांगतो, कारण दुसऱ्याला उपदेश करताना हे लपवणं बरं नाही. ड्युटीवरच्या माणसाला स्वतःच्या केंद्रावर जाता येत नाही, त्याच्यासाठी टपाली मतपत्रिका असते. प्रशिक्षणाच्या दिवशी फॉर्म १२ भरून द्यायचा. एका निवडणुकीला मी तो भरला, पण मतपत्रिका आलीच नाही. कार्यालयात विचारलं तर या टेबलावरून त्या टेबलावर पाठवलं. मी दोनदा गेलो, तिसऱ्यांदा गेलो नाही. एक हजार माणसांच्या बोटाला शाई लावून घेतली आणि माझं बोट कोरं. चूक त्यांची होती हे खरं, पण तिसऱ्यांदा न जाण्याची चूक माझी होती. आणि ते वर्ष मी शांतपणे विसरून गेलो, हे मला जास्त लागतं. नाव यादीत नसलेले लोक केंद्रावर येऊन आमच्यावर ओरडतात, त्यांचा राग मला तेव्हापासून वेगळा कळतो. मागे एक गृहस्थ केंद्रावरच्या सगळ्या याद्या स्वतः बोटाने ओळ ओळ तपासून गेले. गेल्या वेळी मत दिलं होतं, ओळखपत्र हातात होतं, पण नाव उडालेलं. ओळखपत्र म्हणजे मताधिकार नाही, यादीत नाव म्हणजे मताधिकार, हे त्यांना त्या दिवशी कळलं. काय उपयोग? म्हणून निवडणूक जाहीर व्हायच्या आधीच यादी बघा. दुसरीकडे राहायला गेला असाल तर फॉर्म ८ भरा. हे मी प्रत्येकाला सांगतो आणि लोक कंटाळतात, तरी सांगतो.

"सगळे सारखेच असतात" या वाक्यालाही उत्तर द्यायला हवं, कारण आपल्या राज्यात गेल्या काही वर्षांत जे झालं ते पाहून हे वाक्य आपोआप तोंडात येतं. एका चिन्हावर निवडून यायचं आणि दुसऱ्याच्या शेजारी बसायचं. ज्याने रांगेत उभं राहून मत दिलं त्याची ही सरळ फसवणूक आहे, आणि मला त्याचा संताप येतो. कुणाला नोटा, म्हणजे 'यांपैकी कुणीही नाही' हे बटण, दाबावासा वाटला तर मी त्याला दोष देणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तो पर्याय द्यायला लावला. एवढं मात्र माहीत असू द्या, की लोकसभा-विधानसभेला नोटाला सर्वांत जास्त मतं पडली तरी त्याखालोखालचा उमेदवार निवडून येतो. इंदूरला २०२४ मध्ये नोटाला दोन लाख अठरा हजारांहून जास्त मतं पडली, निकाल काही अडला नाही. तरीसुद्धा नोटा दाबणारा माणूस आकड्यात दिसतो. घरी बसलेला दिसत नाही. त्याचा राग कुठल्याच रकान्यात येत नाही.

आणि मत नसलं की काय होतं हे आपण नुकतंच पाहिलंय ना! मार्च २०२२ मध्ये मुंबई, पुण्यासह कितीतरी महापालिकांच्या मुदती संपल्या आणि आरक्षण, प्रभागरचना यांच्या कोर्टकज्ज्यात निवडणुका तीन वर्षांहून अधिक लांबल्या. प्रशासक आले. अधिकारी वाईट नसतात, कित्येक चांगलं काम करतात. पण त्या काळात माझा एक मित्र रात्री अकराला फुटलेल्या जलवाहिनीसाठी कुणाला फोन करावा म्हणून नंबर शोधत होता, आणि त्याच्याकडे होता तो माजी नगरसेवकाचा. माजी. तो म्हणाला, "दादा, आता माझ्या हातात काही नाही." वाईट का असेना, ज्याला पुन्हा मत मागायला यायचंय असा एक माणूस प्रभागात असणं म्हणजे काय, हे तो नसताना कळलं.

हे सगळं मी भाचीला तुकड्या-तुकड्याने पाठवत होतो. ती वाचायची, मधेच आक्षेप घ्यायची. ब्राझीलवर तिचं म्हणणं, "पण मामा, तो फरक यंत्राने पडला, मतदाराने नाही." त्यावर आमचं बराच वेळ चाललं. तिचं अजून पूर्ण समाधान झालेलं नाही, आणि मलाही तिचा मुद्दा अगदीच खोडून काढता आलेला नाही.

काल रात्री तिचा मेसेज आला. "पटलंय म्हणून नाही, पण यादीत नाव असलेलं बरं. होस्टेलचा पत्ता चालतो का? की घरचाच द्यायचा?"

मी लिहिलं, दोन्हीपैकी एक चालतो, पण एकच. होस्टेलचा द्यायचा असेल तर संस्थाप्रमुखाची सही लागेल. कुठे नाव घालायचं ते तू ठरव. जिथे मतदानाच्या दिवशी सकाळी खरंच असशील तिथे घाल.

त्यावर तिने विचारलं, "तिथल्या केंद्राचा रंग कुठला आहे, कळेल का?"

त्या विद्यार्थ्याला आज फोन करणार आहे.